कोंबड्याचा तुरा आणि वृषणांचे कोडे

पुरुष प्रजनन संस्थेची आकृती काढून भागांना नावे द्या, असा प्रश्न परीक्षेत आला की बहुतेक विद्यार्थी तो चांगला सोडवतात. वृषण, अधिवृषण, शुक्रवाहिनी, शुक्राशय, पुरःस्थ ग्रंथी, काऊपर ग्रंथी अशी नावे बाणांच्या टोकाशी ओळीने बसतात. कोणती नळी कोठून निघते आणि कोठे मिळते तेही बरोबर दाखवलेले असते. या आकृतीत एक गोष्ट मात्र दाखवताच येत नाही. वृषण आणि बाकीच्या ग्रंथी यांच्यात नळ्यांखेरीज आणखी एक नाते आहे. ते रक्तातून जाते. त्याला स्वतःची वाट नाही, त्यामुळे आकृतीत त्याची रेषा नाही. आणि रेषा नसल्यामुळे ते ओळखायलाही शास्त्रज्ञांना फार उशीर लागला.

वर्गात हा धडा बहुधा घाईने उरकला जातो. शिक्षक संकोचतात, मुले माना खाली घालतात आणि ‘घरी नीट वाचून काढा’ यावर काम भागते. मग नावे तेवढी पाठ होतात. आम्हाला वाटते, या संकोचातून सुटण्याची एक वाट इतिहासातून जाते. आणि त्या वाटेवर माणसापेक्षा कोंबडाच अधिक वेळा भेटतो.

वृषणे काढून टाकली तर काय होते, हे ज्ञान शेतीइतकेच जुने असावे. आपल्या भाषेत खोंड, वळू आणि बैल असे तीन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. एकाच गोठ्यातल्या दोन गोऱ्ह्यांपैकी एक वळू म्हणून राखला आणि दुसरा खच्ची करून औताला जुंपला, तर काही वर्षांत त्यांची मान, वशिंड, आवाज आणि स्वभाव यांत पडलेला फरक शेतकऱ्याच्या पोरालाही सांगता येतो. ॲरिस्टॉटलने कोंबड्यांचे निरीक्षण लिहून ठेवले आहे : खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा फिकट पडतो आणि तो आरवायचा थांबतो. निरीक्षण नेमके होते, पण स्पष्टीकरण गमतीदार निघाले. त्याच्या मते वृषणे ही नुसती वजने होत. मागावरचे उभे धागे ताठ राहावेत म्हणून विणकर खाली दगड बांधत असत, तशी ही वजने शरीरातल्या नळ्यांना ताण देतात. वजने काढली की ताण सैल होतो आणि म्हणून आवाजही बदलतो. हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शरीराच्या एका टोकाचा अवयव काढल्यावर दुसऱ्या टोकाचा आवाज का बदलावा, हा प्रश्न त्याने विचारला होता आणि त्याचे कारण तो भौतिक नियमांत शोधत होता.

सतराव्या शतकात नळ्यांचा हिशोब लागला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या रेनिअर द ग्राफ याने १६६८ साली दाखवले की वृषण हा मांसाचा भरीव गोळा नसून अतिशय बारीक नळ्यांची गुंडाळी आहे. उंदरासारख्या एका लहान प्राण्याच्या वृषणाचे वरचे आवरण काढून तो गोळा त्याने पाण्यात हलवला, तेव्हा सूत उलगडावे तशा नळ्या उलगडल्या. त्याच गावच्या लेवेनहूकने १६७७ मध्ये आपल्या भिंगाखाली वीर्यातल्या हलणाऱ्या शुक्रपेशी पाहिल्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. मूत्रमार्गाच्या मुळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी विल्यम काऊपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १६९९ साली वर्णिल्या. पॅरिसच्या जाँ मेरीने त्या १६८४ मध्येच पाहिल्या होत्या, तरी नाव काऊपरचे चिकटले. म्हणजे सतरावे शतक संपता संपता आपल्या आकृतीतला एकूण एक भाग माहीत झालेला होता. त्याबरोबर एक समजही पक्का झाला : ग्रंथी म्हणजे नळीवाटे रस बाहेर सोडणारा अवयव. वृषणाचे काम शुक्रपेशी तयार करून नळीत सोडणे. ते दिसले, विषय संपला.

या समजाला पहिला धक्का लंडनच्या जॉन हंटरने दिला, तोही एका वेगळ्याच प्रश्नावरून. ‘शुक्राशय’ या आपल्या शब्दाचा अर्थ शुक्र साठवण्याची जागा. युरोपातल्या जुन्या लॅटिन नावाचा अर्थही तसाच, बीजाची पिशवी. हंटरने १७८६ मध्ये छापलेल्या निबंधात दाखवले की ही पिशवी साठवणीची नाही. शुक्रवाहिनीतला द्रव एक, शुक्राशयातला द्रव निराळा. एका मृत माणसाचे एका बाजूचे वृषण पूर्वीच काढलेले होते, तरी त्याचे दोन्ही शुक्राशय सारखेच भरलेले होते. साठवणीची जागा असती तर त्या बाजूची रिकामी असायला हवी होती. तेव्हा शुक्राशय ही स्वतःचा रस करणारी ग्रंथीच, असे त्याने ठरवले. तर्क इतका स्वच्छ आहे की दहावीच्या वर्गात कोडे म्हणून घालता येईल. नाव बदलले नाही ते नाहीच. आपणही ते आजतागायत वापरतो.

त्याच निबंधात हंटरने नोंदवले आहे की खच्ची केलेल्या प्राण्यांत शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी लहान व मलूल राहतात. यापूर्वी त्याने कोंबड्याचे वृषण कोंबडीच्या पोटात बसवून ते तेथे जगते हेही दाखवले होते. आज वाचताना वाटते, उत्तर त्याच्या हातातच होते! पण त्याला पाहायचे होते ते एवढेच, की शरीरातून काढलेला भाग दुसऱ्या शरीरात जिवंत राहतो का. त्या वृषणाने कोंबडीचे काय केले, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

तो विचारला जर्मनीत ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड या प्राध्यापकाने. २ ऑगस्ट १८४८ रोजी त्याने दोन-तीन महिन्यांचे सहा कोंबडे घेतले. पक्ष्यांची वृषणे पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात. बाहेरून दिसतो तो तुरा आणि हनुवटीखाली लोंबणारे लाल लोळे. पहिल्या दोन कोंबड्यांची दोन्ही वृषणे त्याने काढून टाकली. दुसऱ्या दोघांच्या शरीरात एकेकच वृषण ठेवले, तेही आसपासच्या जोडण्यांपासून सुटे करून. तिसऱ्या जोडीवरचा प्रयोग खरा महत्त्वाचा. त्या दोघांची दोन्ही वृषणे काढली आणि याचे एक वृषण त्याच्या पोटात, त्याचे एक याच्या पोटात, आतड्यांच्या वेटोळ्यांत ठेवून दिले.

पुढच्या महिन्यांत पहिली जोडी खच्ची कोंबड्यांसारखी वाढली. तुरे लहान आणि फिकट राहिले, आरवणे नाही, झुंजणे नाही. उरलेले चौघे मात्र पुरते कोंबडे झाले. ते आरवत, भांडत, कोंबड्यांच्या मागे लागत. त्यांचे तुरे लालभडक आणि ताठ वाढले. बेर्टहोल्डने पुढे त्यांना कापून पाहिले, तेव्हा परक्या पोटातले वृषण आतड्याला चिकटून जगलेले आढळले. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या आणि आत शुक्रपेशीही तयार झाल्या होत्या. जुन्या चेता मात्र तुटल्या त्या तुटल्याच होत्या. शुक्रवाहिनीचा तर प्रश्नच नव्हता.

येथे क्षणभर थांबून या मांडणीकडे पाहावे असे आम्ही सुचवू. चेतांमार्फत परिणाम होत असेल, तर चेता तोडलेल्या आहेत. नळीतून जात असेल, तर नळी नाही. वृषण कोणत्या जागी आहे यावर अवलंबून असेल, तर जागाही बदलली आहे. उरले फक्त रक्त. बेर्टहोल्डने निष्कर्षही तसाच काढला : वृषणे रक्तावर काही परिणाम करतात आणि ते रक्त साऱ्या शरीरावर. १८४९ साली हा लेख जेमतेम चार पानांत छापून आला. सहा कोंबड्यांवर केलेले काम आजच्या परीक्षकांनी ‘नमुना अपुरा’ म्हणून परत पाठवले असते. पण संख्या तुटपुंजी असूनही मांडणीने एकेक पर्याय बंद केलेला प्रयोग कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण शाळेत सांगण्यासारखे आम्हाला तरी ठाऊक नाही.

आणि हा प्रयोग विसरला गेला. त्याच विद्यापीठातल्या रुडॉल्फ वाग्नरने तो पुन्हा करून पाहिला, त्याला जमला नाही. तो काळ चेतांच्या अभ्यासाचा होता; शरीरात दूरवर काही घडले तर ते चेतांमुळेच, अशी धारणा होती. बेर्टहोल्ड स्वतः १८६१ मध्ये वारला, या विषयाकडे फारसा न वळता. दुर्दैव असे की त्याचा लेख आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५० मध्ये, फ्रान्झ लायडिगने वृषणातल्या नळ्यांच्या मधल्या जागेत पेशींचे पुंजके पाहिले आणि त्यांचे काम काय हे कळत नाही असे प्रांजळपणे लिहिले. ‘काय’ आणि ‘कोठून’ या प्रश्नांची उत्तरे अशी एका वर्षाच्या अंतराने, एकाच भाषेत छापून तयार होती. ती एकत्र यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. १९०३ मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात बुआं आणि आंसेल या दोघांनी शुक्रवाहिनी बांधून ठेवलेल्या प्राण्यांत दाखवले की शुक्रपेशी करणाऱ्या नळ्या झिजल्या तरी लायडिगच्या पेशी शाबूत राहतात, आणि त्या असेपर्यंत प्राण्याची नराची लक्षणेही टिकतात. वृषण म्हणजे एकाच आवरणात राहणाऱ्या दोन ग्रंथी, हे तेव्हा स्पष्ट झाले. एक नळीवाटे शुक्रपेशी देते, दुसरी थेट रक्तात संप्रेरक सोडते.

मधल्या काळात गाजला तो दुसराच प्रयोग. १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेत ७२ वर्षांचे शार्ल ब्राउन-सेकार बोलायला उभे राहिले. हे मॉरिशसमध्ये जन्मलेले, चेतासंस्थेवरच्या कामामुळे जगभर नावाजलेले, क्लोद बेर्नारच्या जागेवर नेमलेले शास्त्रज्ञ. कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि त्यामुळे अंगात तरुणपणची ताकद आली, असे त्यांनी जाहीर केले. हाताचा जोर, जिने चढण्याचा दम, लघवीच्या धारेचे अंतर अशी मोजमापेही त्यांनी दिली. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, औषधवाल्यांनी अर्क बाटल्यांत भरला. पुढे १९२०च्या दशकात व्हॉरोनॉफने धनाढ्य म्हाताऱ्यांना माकडांच्या वृषणांचे काप बसवले, तो याच उत्साहाचा पुढचा अंक. त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

ब्राउन-सेकार खोटे बोलत नव्हते. आपल्या मनाच्या समजुतीचाही हा परिणाम असू शकेल, ही शंका त्यांनी स्वतःच नोंदवली होती. अर्कात काही असणे मात्र शक्य नव्हते. वृषणाचे संप्रेरक स्निग्ध पदार्थात विरघळणारे आहे, पाण्यात ते जवळजवळ उतरत नाही. शिवाय गलग्रंथी आपले संप्रेरक साठवून ठेवते, तसे वृषण ठेवत नाही. तयार होताच ते रक्तात जाते. म्हणूनच १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या गलग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला खरोखर बरे केले, आणि वृषणाच्या अर्काने कोणालाच काही झाले नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ब्राउन-सेकार यांच्या कृतीने अर्क पुन्हा बनवून पाहिला. त्यात उतरलेले टेस्टोस्टेरॉन परिणामासाठी लागणाऱ्या मात्रेच्या जवळपासही नव्हते.

खरी अडचण मोजमापाची होती. तरतरी आणि उत्साह मोजायचा कशाने? येथे कोंबडा पुन्हा कामास आला. खच्ची कोंबड्याला अर्क टोचायचा आणि तुरा वाढतो का ते पाहायचे. तुऱ्याला मनाची समजूत घालता येत नाही. त्याची लांबी-उंची मोजपट्टीने मोजता येते. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात फ्रेड कॉख यांनी हीच पद्धत घेतली. शहरातच मोठमोठे कत्तलखाने होते, त्यामुळे बैलवर्गीय प्राण्यांच्या वृषणांचा तुटवडा नव्हता. त्यांचा विद्यार्थी लेम्युएल मॅगी याने पाण्याऐवजी अल्कोहोल, बेंझीन अशी द्रावणे वापरली आणि १९२७ मध्ये सुमारे १८ किलो वृषणांतून २० मिलीग्रॅम असा पदार्थ मिळवला, की ज्याने खच्ची कोंबड्यांचे तुरे वाढले.

पुढची आठ वर्षे रसायनशास्त्रज्ञांची. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी १९३१ साली सुमारे १५,००० लिटर मूत्रातून १५ मिलीग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळे केले. मूत्र बर्लिनच्या पोलिसांकडून गोळा केले होते. इतका भरवशाचा पुरवठा दुसरे कोण करणार! तुरा वाढवण्यात हा पदार्थ तरबेज होता. पण त्याच सुमारास शिकागोत कार्ल मूर, डोरोथी प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी मोजपट्टी तयार केली होती, ती म्हणजे खच्ची केलेल्या उंदराची पुरःस्थ ग्रंथी आणि शुक्राशय. खच्ची केल्यावर या ग्रंथींच्या पेशी बसक्या होतात. संप्रेरक दिले की काही दिवसांत उंच होऊन पुन्हा स्रवू लागतात. हंटरला ज्या ग्रंथी नुसत्या मलूल दिसल्या होत्या, त्याच आता मोजण्याचे साधन झाल्या. या दोन मोजपट्ट्या एकमेकींशी जुळेनात. मूत्रातला पदार्थ तुऱ्यावर जोरदार चाले, उंदराच्या शुक्राशयावर मात्र मंद. वृषणाचा अर्क दोन्हींवर चाले. याचा अर्थ वृषणात असलेला पदार्थ वेगळाच होता.

तो ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत सापडला. १९३५ साली कारोली डाव्हिड, एलिझाबेथ डिंगेमान्स व सहकाऱ्यांनी सुमारे १०० किलो वृषणांतून १० मिलीग्रॅम स्फटिक काढले आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. निरोगी पुरुषाची वृषणे रोज जेमतेम पाच ते सात मिलीग्रॅम तयार करतात आणि लगोलग रक्तात सोडतात. १०० किलोंतून एवढेसेच का मिळाले, ते यावरून कळावे. त्याच वर्षी बुटेनांट यांनी, आणि झुरिकमध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी, कोलेस्टेरॉलपासून हा पदार्थ कृत्रिमरीत्या बनवला. १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना जाहीर झाले. हिटलरच्या सरकारने बुटेनांट यांना ते नाकारायला लावले. लाकर ज्यू होते. नाझींनी हॉलंड व्यापल्यावर त्यांना प्राध्यापकपद गमवावे लागले.

आता आकृतीतल्या बाकीच्या ग्रंथींकडे वळू. वीर्यात शुक्रपेशींचा वाटा आकारमानाने फार थोडा, शेकडा दोन ते पाच. निम्म्याहून बराच अधिक भाग शुक्राशयांचा, साधारण पाव भाग पुरःस्थ ग्रंथीचा. काऊपर ग्रंथींचा थेंबभर स्राव आधी येऊन मूत्रमार्ग ओलसर करतो आणि त्यातली आम्लता घालवतो. वीर्यात साखर आहे हे माहीत होते. ती ग्लुकोज नसून फळांतली फ्रुक्टोज आहे आणि शुक्रपेशींना ती ऊर्जा पुरवते, हे केंब्रिजच्या थॅडिअस मान यांनी १९४०च्या दशकाच्या मध्यास दाखवले. ही साखर मुख्यतः शुक्राशयात तयार होते. प्राणी खच्ची केला की ती घटते आणि टेस्टोस्टेरॉन टोचले की परत येते. म्हणजे तुऱ्याचे काम आता रासायनिक परीक्षेने होऊ लागले. वीर्यात फ्रुक्टोज अजिबात न सापडल्यास शुक्राशय नाहीत किंवा वाट बंद आहे, असा कयास वंध्यत्वाच्या तपासणीत आजही बांधतात.

शुक्राशयाच्या वाट्याला उपेक्षा मात्र पुन्हा आली. वीर्यातला एक पदार्थ स्नायूंचे आकुंचन-प्रसरण घडवतो आणि रक्तदाब उतरवतो, असे १९३०च्या दशकात आढळले. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ मध्ये तो पुरःस्थ ग्रंथीतून येतो असे समजून त्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. पुढे कळले की वीर्यात तो येतो मुख्यतः शुक्राशयांतून, आणि शरीरातल्या बहुतेक ऊती तो थोडाफार बनवतात. तापावर घेतलेली ॲस्पिरिनची गोळी त्याचीच निर्मिती रोखते. नाव पुरःस्थाचेच राहिले.

पुरःस्थ ग्रंथीची गोष्ट अधिक गंभीर आहे. चार्ल्स हगिन्स हे शिकागोतलेच शल्यचिकित्सक. कुत्र्याच्या पुरःस्थ ग्रंथीचा शुद्ध स्राव दिवसेंदिवस गोळा करता येईल अशी शस्त्रक्रिया त्यांनी १९३९च्या सुमारास बसवली. वृषणे काढली की स्राव आटे, टेस्टोस्टेरॉन दिले की पुन्हा सुरू होई. म्हातारपणी काही कुत्र्यांच्या या ग्रंथीत गाठी होतात. वृषणे काढल्यावर त्याही आक्रसल्या. येथे हगिन्स यांनी जो प्रश्न विचारला, तो त्या काळच्या समजुतीविरुद्ध होता. कर्करोगाच्या पेशी कोणाच्याही ताब्यात नसतात असे मानत. मग पुरःस्थाचा कर्करोग तरी या संप्रेरकाचा हुकूम मानतो का? हा रोग हाडांत पसरला की रक्तात आम्ल फॉस्फटेज या विकराचे प्रमाण वाढते, हे तोवर ठाऊक झाले होते. १९४१ साली हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले की रुग्णाची वृषणे काढली, किंवा स्त्री-संप्रेरक दिले, तर हे प्रमाण उतरते. पुरुषी संप्रेरक टोचले तर चढते. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण उठून बसले. १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळाले.

रोग यामुळे समूळ जात नाही; काही काळाने पेशी या तुटवड्यातूनही वाट काढतात. तरी पसरलेल्या पुरःस्थ कर्करोगावर पुरुषी संप्रेरक रोखणे हा उपचार आजही पायाभूत आहे. त्यासाठी आता बहुधा शस्त्रक्रिया करत नाहीत. वृषणांना काम करायचा आदेश पीयूषिका ग्रंथी देते आणि वृषणाचे संप्रेरक उलट पीयूषिकेला आवर घालते, हे मूर आणि प्राइस यांनी १९३२ मध्येच उंदरांवरून मांडले होते. आजची इंजेक्शने पीयूषिकेचा तो आदेश थांबवतात. वृषणे जागच्या जागी राहतात, रक्तातले टेस्टोस्टेरॉन काही आठवड्यांत वृषणे काढल्यासारखे खाली येते, आणि डॉक्टर रक्तात आम्ल फॉस्फटेजऐवजी पुरःस्थ ग्रंथीचेच दुसरे एक प्रथिन, पीएसए, मोजतात.